शिर्डीची वाट आणि दुखरे गुडघे

मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित २ नोव्हेंबर १९०९ रोजी पहिल्यांदा शिर्डीत आले, ते अधू पायाने. १९०६ मध्ये लंडनमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा पाय दुखावला होता आणि उपाय करूनही तो पूर्ववत झाला नव्हता. नानासाहेब चांदोरकरांनी त्यांना साईबाबांचं नाव सुचवलं, ते या पायासाठीच. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त ही हकीकत येते. तिथे काकासाहेबांचं मागणं मात्र वेगळंच आहे: पायाचं लंगडेपण राहिलं तरी चालेल, मनाचं जावं. पुढे त्यांनी शिर्डीत वाडा बांधला, मुंबई-शिर्डी फेऱ्या करत राहिले आणि बाबांच्या समाधीनंतर साईबाबा संस्थानाच्या उभारणीत राबले. १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवरची सगळी धावपळ त्याच पायावर झाली.

दीक्षितांचं दुखणं अपघाताचं होतं, संधिवाताचं नव्हे. तरी या प्रकरणाची सुरुवात त्यांच्यापासून करावीशी वाटली, कारण दुखरा पाय घेऊन भरगच्च आयुष्य जगता येतं हे त्यांनी करून दाखवलं. संधिवाताच्या बाबतीत आजचं वैद्यकशास्त्र आणखी पुढचं सांगतं. हालचाल हा तिथे उपचाराचाच मोठा भाग आहे, काही वेळा औषधाच्या गोळीइतकाच महत्त्वाचा. आणि नेमकं हेच घरोघरी उलटं समजलं जातं. गुडघा कुरकुरू लागला की घरातले प्रेमापोटी सांगतात, ‘आई, आता तू काही करू नकोस, बसून राहा.’ आई बसते. सहा महिन्यांत मांडीचे स्नायू ढिले पडतात, वजन चढतं, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणं दुप्पट होतं. मग सगळे म्हणतात, बघा, वयच झालं.

शिर्डीत सांधेदुखी दोन्ही बाजूंनी भेटते. एक बाजू बाहेरून येणाऱ्यांची. रामनवमीला मुंबईहून कसारा घाट चढून, घोटी-सिन्नरमार्गे पायी येणाऱ्या पालख्यांत साठी ओलांडलेले लोक असतात. समृद्धी महामार्गाने, रेल्वेने, काकडी गावच्या विमानतळावरून येणाऱ्यांत तर ज्येष्ठांचा भरणा मोठा. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, अनवाणी फरशीवर चालायचं, पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, हे दुखऱ्या गुडघ्यांना सोपं नाही.

दुसरी बाजू इथल्याच माणसांची, आणि तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत हार ओवणाऱ्या बाया पहाटेपासून मांडी घालून बसलेल्या असतात. डाव्या हातात झेंडूचं फूल, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत लांब सुई. फुलाच्या देठाशी टोचायची, दाबायची, खाली सरकवायची, की दुसरं फूल. दिवसभरात ही चिमूट किती वेळा आवळली जाते याला गणती नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ जो सांधा आहे, तो अशा कामाने आणि वयाने झिजतो, आणि पन्नाशीनंतरच्या बायकांत ही झीज फार आढळते. डबा उघडताना, किल्ली फिरवताना, कणीक तिंबताना कळ येते ती तिथूनच. तिकडे शेजारच्या राहात्याच्या शिवारात कांद्याची लावण, खुरपणी, काढणी सगळी उकिडवं बसून. पेरूच्या बागेत वाकून, मान उंचावून. उसाच्या फडात मोळ्या डोक्यावर. हॉटेलांतले वाढपी, लॉजमधल्या सफाई करणाऱ्या बाया, रांगेत बंदोबस्ताला उभे असणारे सुरक्षारक्षक, या सगळ्यांची कंबर आणि गुडघे दिवसाकाठी दहा-बारा तास कामावर असतात. यातलं कोणी ‘मला संधिवात आहे’ असं म्हणत नाही. ‘गुडघे धरलेत’, ‘हात आखडलेत’, ‘वात आलाय’ असं म्हणतात, बाम चोळतात आणि परत कामाला लागतात.

खेड्यापाड्यातल्या कष्टकऱ्यांना सांधेदुखी होत नाही, तो शहरी, बैठ्या लोकांचा आजार, असा एक समज होता. त्याला धक्का दिला तो महाराष्ट्रातल्याच एका गावाने. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात पुणे जिल्ह्यातल्या भिगवणची निवड केली. घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस आणि तपासणी झाली. त्यांतल्या १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडा-सांध्यांचं कसलं ना कसलं दुखणं होतं. खरा आमवात, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला निघाला. बाकीच्यांत झिजेचा संधिवात होता, स्नायू आणि कंडरांची दुखणी होती, आणि कष्टाने आलेली, कोणत्याही नावात न बसणारी दुखणीही होती. भिगवण शिर्डीपासून दूर असलं तरी दोन्हीकडची शेती, कामाच्या रीती आणि बसण्या-उठण्याच्या सवयी सारख्याच. तिथलं चित्र इथे फार वेगळं असेल असं मानायला कारण नाही.

झिजेचा संधिवात आणि आमवात हे दोन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत, कारण दोघांचं औषध वेगळं आहे. झिजेचा संधिवात बहुधा पन्नाशीच्या आसपास, गुडघा, कंबर, मान, अंगठ्याचं मूळ किंवा बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांत येतो. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. दिवसभराच्या वापराने संध्याकाळी दुखतो. आमवाताची चाल उलटी. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक. दोन्ही हातांचे सांधे, बोटांची मुळं आणि मनगटं, एकाच वेळी सुजतात. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. अंगात कणकण, थकवा. इथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. अशा रुग्णाने पहिल्या काही महिन्यांतच संधिवाततज्ज्ञाकडे जायला हवं. या महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्याचं टळतं. दोन-तीन वर्षं तेल-मालिशीत गेली तर झालेलं नुकसान परत भरून येत नाही. याखेरीज युरिक अॅसिडचा गाऊट आहे. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आहे. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ती मोठ्या प्रमाणावर पाहिली.

आता हालचालीकडे येऊ. ‘माझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर दर दुसऱ्या माणसाकडून ऐकू येतं. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की वंगण संपलंय तर सांधा वापरू नये, जितका वापरू तितका घासेल. शरीराचं काम याच्या नेमकं उलट चालतं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत शिरतो दाब पडल्याने आणि सुटल्याने. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दबते आणि जुना द्रव बाहेर पडतो; पाऊल उचललं की ती फुगते आणि ताजा द्रव आत ओढते. जो माणूस चालत नाही, त्याची कूर्चा उपाशी राहते. दुसरी गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू प्रत्येक पावलाला गुडघ्यावर बसणारा हादरा आधी स्वतः झेलतो. तो ढिला पडला की हादरा थेट हाडावर. तेव्हा गुडघ्याचा खरा संरक्षक मांडीत आहे, आणि त्याला दणकट ठेवण्याचं काम कोणतीही गोळी करू शकत नाही.

आमवाताच्या रुग्णांना तर वर्षानुवर्षं विश्रांतीच सांगितली जायची. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे आमवाताच्या रुग्णांवर दोन वर्षं एक अभ्यास झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा चांगला घाम काढणारा व्यायाम दिला. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्यांची दैनंदिन कामं करण्याची ताकद वाढली, आणि बहुतेकांच्या मोठ्या सांध्यांची हानी त्यामुळे वाढलेली नव्हती. ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्याबाबतीत मात्र सावधगिरी हवी, हेही त्यातून दिसलं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा-खुब्याच्या झिजेसाठी शिक्षण आणि व्यायाम यांचा एकत्रित कार्यक्रम चालतो. तो पुढे अनेक देशांनी उचलला. मी इथे सांगतोय तो व्यायाम मात्र पळण्याचा किंवा जिममधल्या वजनांचा नव्हे.

मुख्य व्यायाम तीनच सांगतो, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. पहिला पलंगावर बसूनच होतो. पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडी घट्ट होते ती हाताने चाचपून बघा. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, मग दुसरा पाय. दुसरा व्यायाम आडवं पडून. एक गुडघा दुमडून ठेवायचा, दुसरा पाय सरळ ताठ ठेवून वीतभर-दोन वीत उचलायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. कंबरदुखी असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारून. तिसरा माझ्या मते सर्वांत मोलाचा: खुर्चीवरून उठणं आणि बसणं. हाताचा आधार न घेता, जमत नसेल तर सुरुवातीला उंच खुर्ची किंवा गादीवर उशी ठेवून. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. बसताना धपकन न बसता हळूहळू टेकायचं, कारण मांडीचं खरं काम त्या उतरण्यात आहे. रोज पाच वेळांपासून सुरू करून पंधरापर्यंत जायचं. शौचालयातून, रिक्षातून, देवळाच्या ओट्यावरून उठताना कोणाचा हात लागणार की नाही, हे या एका व्यायामावर ठरतं.

याच्या जोडीला चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. सांधेदुखीच्या माणसाने हा आकडा पाहून घाबरू नये. दहा दहा मिनिटांचे तुकडे करून तो भरता येतो. किती दुखलं तर चालेल, याचा साधा दंडक आहे. चालताना किंवा व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. व्यायाम संपल्यावर दोन तासांनंतरही दुखणं नेहमीपेक्षा वाढलेलं असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजला असेल, तर प्रमाण जास्त झालं. मग व्यायाम सोडायचा नाही, निम्मा करायचा. सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल त्या दिवसांत त्याच्यावर भार टाकू नये; दिवसातून दोनदा हळुवार दुमडून-सरळ करून ठेवला की पुरे. आणि एकच सांधा अचानक सुजून बरोबर थंडी-ताप असेल तर तो दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर उशिराची किंमत मोठी असते.

ज्यांना जमिनीवर बसून योगासनं जमत नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याचं मोठं देणं आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या योगसंस्थेत खुर्ची, दोर, पट्टे, घोंगड्या, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं करण्याची पद्धत रुजवली. ज्याचा गुडघा पूर्ण दुमडत नाही, त्यालाही खुर्चीच्या आधाराने उभ्याची आसनं करता येतात. ही पद्धत आता गावोगाव शिकवली जाते. शिकवणाऱ्याने सांध्यांच्या रुग्णांबरोबर काम केलेलं आहे की नाही, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं.

बसण्याचा विषय निघाला म्हणून शिर्डीत बाबा राहत त्या द्वारकामाईतल्या शिळेची आठवण होते. शिळेवर बसलेले, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकलेले साईबाबा, हे छायाचित्र महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. तिथेच त्यांचं जातंही आहे. उकिडवं बसणं, मांडी घालणं, जात्यावर बसणं हे आपल्या जगण्यात मुरलेलं आहे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत, त्यांनी मांडी घालून बसणं सोडू नये. सांध्याची लवचीकता त्यानेच टिकते. पण झीज झालेल्या गुडघ्याला दिवसातले तासन्‌तास उकिडवं बसवणं हिताचं नाही. बीजिंगमधल्या ज्येष्ठ नागरिकांची अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या लोकांशी तुलना करणारा मोठा अभ्यास झाला होता. बीजिंगच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अधिक निघाली, खुब्याची मात्र फारच कमी. तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसण्याशी गुडघ्याच्या झिजेचा संबंध तिथे दिसला. कांद्याच्या वाफ्यात बसणाऱ्या बाईला ‘बसू नको’ म्हणणं सोपं आहे, पण तिची मजुरी त्यावर आहे. म्हणून तिच्यासाठी छोटा पाट किंवा पाच-सहा इंची स्टूल, दर वीस मिनिटांनी उभं राहून पाय ताणणं, वाफ्यांच्या मधून एक चक्कर मारणं, हे होण्यासारखं आहे. मुकादमाने आणि शेतमालकाने त्याला कामचुकारपणा समजू नये. हार ओवणाऱ्या बाईने सुईच्या मागच्या टोकाला कापडाची जाड पट्टी गुंडाळली तर चिमूट कमी आवळावी लागते. मांडीऐवजी उंच बैठकीवर पाय खाली सोडून बसलं तर गुडघेही सुटतात. घरी इंग्रजी पद्धतीचं कमोड बसवणं शक्य नसेल, तर खाली भोक असलेली प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची मिळते, भारतीय शौचकूपावर ती ठेवता येते. हा खर्च कोणत्याही मलमापेक्षा जास्त उपयोगाचा.

आता शिर्डीच्या दर्शनाचं. ज्यांचे सांधे दुखतात, त्यांनी शिर्डीला जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. जावं, पण तयारीने. महिनाभर आधीपासून वरचे तीन व्यायाम आणि रोजचं चालणं वाढवत न्यावं. गुरुवार, सुट्ट्या, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा टाळले तर रांग बरीच आटोक्यात येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवं दर्शनरांग संकुल सुरू झालं, त्यामुळे उन्हापावसात ताटकळणं कमी झालं आहे. ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी संस्थानाकडून वेगळ्या प्रवेशाची आणि चाकाच्या खुर्चीची सोय असते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून पोचल्यावर आधी चौकशी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. ती सोय घेण्यात कमीपणा मानू नये. एका ठिकाणी न हलता उभं राहणं हे चालण्यापेक्षा गुडघ्याला आणि कमरेला जास्त जाचतं. रांगेत उभं असताना टाचा वर-खाली करत राहावं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलावा, कठड्याचा आधार घ्यावा.

आमवात असलेल्यांना काकड आरतीचा हट्ट परवडत नाही. त्यांचे सांधे पहाटेच सर्वांत आखडलेले असतात. जायचंच असेल तर निदान दीड-दोन तास आधी उठावं, कोमट पाण्याने अंघोळ करावी, बोटं आणि मनगटं गरम पाण्यात बुडवून हळूहळू उघड-मीट करावी. नाहीतर माध्यान्ह आरती किंवा संध्याकाळची धूपारती त्यांच्या शरीराला जास्त मानवते. अनवाणी फरशीवर पावलं दुखत असतील तर पायात जाड सुती मोजे असावेत, फक्त गुळगुळीत फरशीवर पाय घसरणार नाही याची काळजी घ्यावी. पायऱ्यांचा नियम पाठच करून टाकावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक लोक ती त्याच बाजूला धरतात आणि तिचा अर्धा फायदा घालवतात. काठीची मूठ हात खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

दर्शनानंतर लगेच गाडीत बसून परत निघण्याची घाई करू नका. समाधिमंदिर, द्वारकामाई, चावडी, गुरुस्थान, लेंडीबाग ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून चार पावलांवर आहेत, आणि मध्ये बसत-उठत ती सहज होतात. बाबा स्वतः रोज लेंडीकडे जात-येत आणि गावात भिक्षेसाठी फिरत. गेल्या काही वर्षांत शिर्डीची परिक्रमाही सुरू झाली आहे, साधारण १४ किलोमीटरची. सांधेदुखीच्या माणसाने पहिल्याच वर्षी ती पूर्ण करायचा संकल्प करू नये. पण दोन किलोमीटरपासून सुरू करून वर्षभरात पाच-सहापर्यंत पोचणं पुष्कळांना शक्य आहे, आणि त्याने येणारा आत्मविश्वास खरा असतो.

उपवास आणि औषधं यांची गाठ पडते, ती जागा मात्र फार जपून हाताळावी लागते. साईभक्तांत नऊ गुरुवारांचं व्रत मोठं आहे. दुखणं थांबवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला जखम करतात, प्रसंगी रक्तस्राव होतो; मूत्रपिंडांनाही त्या जड, आणि रक्तदाब वाढवतात. उपवासाच्या दिवशी अशी गोळी घ्यायचीच असेल तर काहीतरी खाऊनच, आणि तीही डॉक्टरांना विचारून. गाऊटच्या रुग्णांनी कडक उपवास करूच नये. त्याने रक्तातलं युरिक अॅसिड वाढतं आणि सांधा पेटतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध आहे, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून तो गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, आणि घरातल्या आणखी एकाला तो माहीत असावा. हे औषध चालू असताना डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावं. गरोदरपणात ते चालत नाही.

श्रद्धेबद्दल एक बोललं पाहिजे. उदी कपाळाला लावली, पाण्यात घेतली, तर मनाला बळ मिळतं, आणि दीर्घ दुखण्यात ते बळ क्षुल्लक नसतं. पण उदी लावून आमवाताची गोळी बंद करणं हा स्वतःवर अन्याय आहे. यात्रेच्या गावांत ‘गुडघेदुखीवर रामबाण’ म्हणून पुड्या विकणारे लोक हमखास असतात. या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घेतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केल्या तर जीव धोक्यात येतो. नाव, घटक आणि मात्रा न लिहिलेलं कोणतंही औषध, ते कोणीही दिलं तरी, तोंडात टाकू नका. शिर्डीत संस्थानाची स्वतःची रुग्णालयं आहेत, आणि लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय वीसेक किलोमीटरवर आहे. विचारायला जागा नाही, असं इथे नाही.

वजनाबद्दल थोडक्यात, कारण सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि सगळेच ते पुढे ढकलतात. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल माणसाचं वजन एक किलोने घटलं, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असं मोजमाप करून आढळलं आहे. पाच किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला वीस किलो. साबुदाणा, बटाटा, तळण यांनी भरलेला उपवास वजन घटवत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हा आपला रोजचा आहारच इथे कामी येतो.

सगळं करूनही काहींचा गुडघा हाडाला हाड घासण्यापर्यंत जातो, रात्री झोप लागत नाही, चार पावलं चालवत नाही. त्यांनी शस्त्रक्रियेला भिऊ नये. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, जून २००१ मध्ये उजवा. त्यानंतर ते २००४ पर्यंत पंतप्रधानपदावर राहिले. त्या काळात कृत्रिम गुडघ्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा सर्वाधिक वापरला जाणारा गुडघा, जो आधी दीड लाखाच्या घरात विकला जाई, तो कर वगळता ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णालयाचा खर्च अर्थात वेगळा. शस्त्रक्रियेनंतरही मांडीचे तेच व्यायाम करावे लागतात, आणि ज्यांनी ते आधीपासून केलेले असतात, त्यांना पुढची चाल लवकर साधते.

दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो. वृत्तपत्रांत लेख येतात आणि दिवस जातो. माझी विनंती रुग्णांपेक्षा त्यांच्या मुलांना, सुनांना, नातवंडांना आहे. पुढच्या वेळी शिर्डीला जाल तेव्हा आईला गाडीत बसवून ‘आम्ही दर्शन घेऊन येतो, तू हातच जोड’ असं म्हणू नका. महिनाभर आधीपासून तिच्याबरोबर रोज दहा मिनिटं चाला, काठीची उंची तपासा, गोळ्यांचे वार लिहून ठेवा. आणि मंदिराच्या वाटेवर तिच्या पुढे न धावता तिच्या चालीने चाला.